पोचा पडलेलं मापटं

“ज्या दिवशी माणसाने धान्य मोजून द्यायला सुरुवात केली, त्या दिवशी त्याच्यातला रानटीपणा संपला,” असं आमच्या बेंगळुरातल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष प्रत्येक भाषणात सांगत. सांगताना त्यांचं बोट डाव्या भुवईच्या वरच्या वणावरून फिरे. तो वण धान्याच्या मापाने झालेला होता. माप पितळेचं होतं, अर्ध्या शेराचं, आणि ते ज्या बाईंनी हाणलं त्या आयुष्यभर लोकांना धान्य मोजून शिजवून घालत आल्या होत्या.

त्या बाईंना आम्ही अक्का म्हणत असू. बेंगळुरात येऊन मुरलेली मराठी माणसं कोणत्याही वडीलधाऱ्या बाईला अक्का म्हणतात. या अक्का निपाणीकडच्या. चामराजपेटेत, मार्केटच्या अलीकडच्या एका गल्लीत त्यांची खाणावळ होती. पन्नास-साठच्या दशकांत सरकारी कारखान्यांमध्ये आणि संशोधन संस्थांमध्ये नोकरीला आलेली आम्ही मराठी मुलं तिथे दोन वेळा जेवत असू आणि सरासरी एक वेळ मार खात असू.

“माप उचलू काय?” हे अक्कांचं पालुपद. दुसरी बाई ‘चहा टाकू का’ विचारते त्या सुरात त्या हे विचारत. जेवायला उशीर केलात, माप उचलू काय. पानात टाकलंत, माप उचलू काय. दुधात पाणी आलं की दूधवाल्याला तोच प्रश्न. त्याला मराठीचा गंध नव्हता, पण हा प्रश्न तो अस्खलित समजत असे. ठेंगणा बांधा, लाकूडतोड्यासारखी मनगटं, आणि डाव्या कानाची पाळी मधोमध फाटलेली. त्या कानात त्या काही घालत नसत. उजव्या कानात कुडी घालत.

आमचा खोलीतला साथीदार सबनीस नवा होता तेव्हा एकदा पानावरून उठताना समाधानाने म्हणाला, “आज मी मोजून पाच पोळ्या खाल्ल्या.” अक्कांनी तव्यावरचं उलथनं तसंच त्याच्या बोटांवर आणलं. सबनीस किंचाळला.

“मोजतोस कुणाच्या घरात?” अक्का म्हणाल्या. “शिजवायचं ते मोजून. खायचं न्हाई मोजायचं. उठलास कशाला, बस.”

सबनीस बसला. त्याने सहावी खाल्ली. बोटांना फोड आल्यामुळे ती अक्कांनी मोडून, दुधात कुस्करून दिली, आणि तो नीट खात नाही म्हणून पाठीत एक धपाटाही घातला. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, ज्यांची माया आणि मारहाण एकाच हाताने चालते. अक्कांचा फरक एवढाच, की त्यांना दोन्हींत भेसळ चालत नसे. ‘साकु’ हा पुरे या अर्थाचा कानडी शब्द आम्ही बेंगळुरात उतरल्यावर सगळ्यांत आधी शिकलो होतो. अक्कांच्या पंगतीत तो उच्चारणाऱ्याच्या मनगटावर गरम वरणाची पळी टेके.

एकदा भरदुपारी मागच्या दाराने एक चोर आला. त्याला तांब्या-पितळेची भांडी हवी होती. त्यांतलं एक त्याला मिळालंही, पण उलट्या बाजूने. अक्कांनी त्याला न्हाणीघराच्या कोपऱ्यात कोंडून असा काही कुटला, की शेजारची कानडी बाई खिडकीतून ओरडू लागली, “साकु अक्का, सत्तोगताने!” तो मरेल, हे तिचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. आम्ही कारखान्यातून परतलो तेव्हा तो चोर आमच्या पाटावर बसून जेवत होता. एक डोळा मिटलेला, ओठ सुजलेला, आणि अक्का समोर उकिडव्या बसून आमटी वाढत होत्या. मार खाल्लेल्याने उपाशी जाऊ नये, असा त्या घराचा नियम होता. चोराने दोनदा ‘साकु’ म्हटलं. दुसऱ्यांदा म्हटल्यावर तो परत म्हणाला नाही.

‘उचलू काय’ म्हणत त्या ज्या मापाचा धाक घालत ते हे मापटं. जुन्या काळी दोन मापटी म्हणजे एक शेर, हे आता सांगावं लागतं. पितळेचं, कमरेत जरा आवळलेलं, वापरून वापरून कडा गुळगुळीत झालेलं. त्याच्या पोटाला एका अंगाने चांगला पोचा होता, मोठं लिंबू बसावं एवढा. अक्का तांदूळ मोजायच्या त्या मापट्याने, डाळ मोजायच्या त्याने, रवा त्याने. निजायच्या तेव्हा ते उशाशी असे. दारावर थाप पडली, की आधी मापटं हातात यायचं आणि मग कडी निघायची. आमचा पोस्टमन शहाणा होता. तो पत्रं खिडकीतून आत टाकी आणि खिडकीपासून दूर होई.

त्या पोच्याची हकीगत अक्कांनीच सांगितली, तांदूळ निवडता निवडता, दुसऱ्या कुणाची सांगावी तशी.

सासरी धान्याच्या कोठीला कुलूप असे आणि किल्ली नवऱ्याच्या करगोट्याला. रोज सकाळी तो कोठी उघडून एक मापटं जोंधळे मोजून द्यायचा. वर तळहात फिरवायचा, शीग राहू नये म्हणून. घरात माणसं सहा. “तेवढ्यात भागवायचं. न्हाई भागलं, की त्याच मापट्यानं मारायचं,” अक्का म्हणाल्या. “भागलं तर म्हणायचं, चोरून काढलीस कोठीतनं. मग बी मारायचं.” कानाची पाळी अशाच एका भागलेल्या दिवशी फाटली. आणि एका सकाळी तो मापट्यावर तळहात फिरवत असताना अक्कांनी ते त्याच्या हातातून ओढून घेतलं, जोंधळ्यासकट त्याच्या डोक्यात घातलं, आणि ते माप तसंच हातात धरून निपाणीच्या मोटारीत बसल्या.

“डोसक्यानं पोचा पडला,” त्या म्हणाल्या. “टणक होतं.”

हाडाने पितळेला एवढा पोचा पडणार नाही, असं आमच्यातल्या एका धातुशास्त्रज्ञाचं मत होतं. ते त्याने गल्लीच्या टोकापर्यंत गेल्यावर मांडलं.

“आणि तो जिवंत आहे?” सबनिसाने विचारलं.

“हाय की. येईल एक दिवस. न्यायला येईल.” अक्कांनी सुपातला खडा उचलून अंगणात भिरकावला. “बघू, कोण कुणाला नेतंय ते.”

हे त्या हसत म्हणाल्या. पण तेवढ्यात मागचं दार वाऱ्याने आपटलं, आणि सूप खाली ठेवायच्या आत मापटं त्यांच्या हातात होतं. त्या दिवसापासून आम्हाला कळलं, की या बाई कोणाला भीत नाहीत असं आपण समजतो ते खरं नाही. एकाला भितात, आणि रोज भितात.

मग देशात नवे पैसे आले, आणि त्यांच्या मागोमाग किलो आला.

किलो आल्याचा आनंद सबंध बेंगळुरात आमच्या अध्यक्षांइतका कोणाला झाला नसेल. ते एका कारखान्यात मोठे अधिकारी होते, कामात चोख होते, आणि प्रगती स्वतः आपल्याला विचारून पुढे जाते अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. मंडळाचा गणेशोत्सव बसवनगुडीतल्या एका सभागृहात होई आणि शेवटच्या दिवसाचा महाप्रसाद अक्का रांधत. त्या वर्षी महाप्रसाद दशमान पद्धतीने होईल, असं अध्यक्षांनी जाहीर केलं. गणपतीला यातलं काय कळणार, असं कार्यकारिणीत कोणी विचारलं नाही.

एका रविवारी ते तराजू, वजनं आणि आम्हाला घेऊन खाणावळीत आले.

“अहो अक्का, एक मापटं तांदूळ म्हणजे किती ग्रॅम?”

“एक मापटं म्हंजे एक मापटं.”

“तसं नाही. समजून घ्या. माप हे आकारमान दाखवतं आणि किलो हे वजन. एक मापटं पोहे आणि एक मापटं साखर, दोन्हींचं वजन सारखं असेल का?”

“हे मला ठावं न्हाई होय? पोह्यानं भरलेलं मापटं डोसक्यात घाला आणि साखरेनं भरलेलं घाला. ज्याच्या डोसक्यात घालाल त्यो सांगंल.”

अध्यक्षांनी हे उत्तर तत्त्वतः बरोबर असल्याचं मान्य केलं. मग त्यांनी अक्कांच्या मापट्याकडे हात नेला. अक्कांनी फक्त विचारलं, “उचलू काय?” अध्यक्षांचा हात परत खिशात गेला.

तेव्हा त्यांनी जे केलं ते कोणताही शिकलेला माणूस करील. एक मापटं हे दुसऱ्या मापट्यासारखंच असणार. म्हणून त्यांनी मार्केटातून एक कोरं मापटं आणवलं, त्यावर शिक्का आहे ना हे पाहिलं, आणि आमच्याकडून त्यात तांदूळ, तूरडाळ, रवा, साखर, सगळं एकेक भरून, वर सपाट करून, तीन-तीनदा तोलून घेतलं. सरासरी काढली. बारीक तांदूळ, जाड तांदूळ वेगळे धरले. धान्य भरताना माप आपटलं तर जास्त मावतं, म्हणून आपटायचं नाही असं ठरलं. इतकं काळजीपूर्वक काम मी पुढे नोकरीतही क्वचित पाहिलं. तक्ता छापून झाला तेव्हा त्यात एकही आकडा चुकलेला नव्हता.

अक्कांनी शेवटी किलोला मान्यता दिली ती तक्त्याकडे बघून नाही. अध्यक्षांनी त्यांना एक गोष्ट देऊ केली होती. सभागृहात ‘जुनी मापे, नवी मापे’ असं प्रदर्शन भरणार होतं, आणि त्याच्या मधोमध अक्कांचं मापटं ठेवून, सगळ्यांसमोर त्याला नारळ वाढवणार होते. अक्कांना स्वतःचं कौतुक आवडत नसे. मापट्याचं आवडे.

“सैपाकघरातनं दिसंल असं ठेवा,” त्या म्हणाल्या. “सरी?”

“सरी,” अध्यक्ष म्हणाले. कानडीत त्यांना येणाऱ्या थोड्या शब्दांपैकी हा, ‘बरं’ या अर्थाचा, एक होता.

मग त्यांनी बेळगावच्या एका मराठी वर्तमानपत्राला बातमी पाठवली. बातमीत मापट्याचा इतिहास होता, अक्कांचं नाव होतं, माहेरचं गाव, सासरचं गाव आणि आमच्या सभागृहाचा पत्ता होता. या बातमीतही एकही चूक नव्हती.

अंक आला तेव्हा सबनिसाने ती अक्कांना वाचून दाखवली, खूश होऊन. अक्कांनी चुलीतलं लाकूड मागे ओढलं. “आता येतंय ते,” त्या म्हणाल्या.

कोण येतंय, हे आम्हाला विचारावं लागलं नाही. आम्ही अध्यक्षांना जाऊन सांगितलं. त्यांना मनापासून वाईट वाटलं, आणि त्यांनी येऊन अक्कांना धीर दिला. “सगळं मंडळ तुमच्या पाठीशी आहे. तुम्हाला कोण हात लावतो ते मी पाहतो. आणि माप काचेच्या पेटीत कुलपात राहील.”

“माप कुलपात,” अक्का म्हणाल्या, “आणि मी बाहीर?”

त्यांनी आमच्यावरून एक नजर फिरवली, बाजारात वांगी बघावीत तशी. “ह्यांच्यात एकाचं तरी मनगट मनगटासारखं हाय काय?” पण शब्द दिला होता. दिलेला शब्द त्या परत घेत नसत. त्या बाबतीत त्या अध्यक्षांपेक्षा जुन्या होत्या.

महाप्रसादाच्या सकाळी मापटं काचेच्या पेटीत गेलं. पेटी बांगड्यांच्या दुकानातून मागून आणली होती. आत लाल मखमल, पुढे ‘कालबाह्य’ अशी पाटी, आणि किल्ली अध्यक्षांच्या कोटाच्या खिशात. अक्कांच्या हाती पातळ पत्र्याचं नवं कोरं लिटर देण्यात आलं. त्यांनी ते तळहातावर तोललं. “ह्यानं झुरळ तरी मरंल काय?” त्यांनी विचारलं. अध्यक्ष म्हणाले, की ते द्रवपदार्थांसाठी आहे.

तांदूळ तक्त्याप्रमाणे किलोवर आला. पाणी अक्कांनी त्यांच्या सवयीच्या कळशीने घातलं आणि मीठ मुठीने, कारण तक्त्यात पाणी आणि मीठ नव्हतं. ठरलेल्या वेळी पानं मांडली. अक्कांनी मसालेभाताच्या पातेल्यावरचं झाकण काढलं, एक शीत चेपलं आणि झाकण परत घातलं.

“आत कणी हाय. थांबा स्वल्प.”

पण आरती झाली होती, मान्यवर बसले होते, आणि कार्यक्रमपत्रिकेत ‘थांबा स्वल्प’ला जागा नव्हती. भात वाढला गेला. तो कच्चा होता आणि अळणी होता. भुकेल्या मराठी माणसाच्या पानात कच्चा भात पडला की काय होतं, हे तुम्हाला सांगायला नको. पहिल्या पंगतीत कुजबुज सुरू झाली. दुसऱ्या पंगतीतला एक जण, जो एरवी प्रयोगशाळेत काचेच्या नळ्या हाताळतो, त्याने द्रोण भिंतीवर फेकला. वाढपी आणि जेवणारे यांच्यात ओढाताण झाली, कुणाचा तरी सदरा फाटला. आणि त्या गोंगाटात दारातून एक पटकेवाला म्हातारा आत आला.

त्याला कोणी ओळखत नव्हतं, पण सगळ्यांनी ओळखलं. उंच, वाकलेला, हातात काठी. तो पानांमधून चालत सरळ काचेच्या पेटीपाशी गेला आणि आत बघत उभा राहिला. मग त्याने पटका काढला. टक्कल पडलेल्या डोक्याला डावीकडे एक खळगा होता. आमच्या धातुशास्त्रज्ञाने त्या खळग्याकडे पाहिलं, मापट्याकडे पाहिलं, आणि तो आपलं मत बदलताना मला स्पष्ट दिसला.

“माप माझं हाय,” म्हातारा म्हणाला. “बाई बी माझीच हाय. दोन्ही न्यायला आलोय.”

अक्का स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. हातात ते पत्र्याचं लिटर. तो माणूस त्यांच्याकडे वळला आणि काठीने नुसती खूण केली, जनावराला करतात तशी. चल. आणि अक्कांचं एक पाऊल पुढे पडलं. लाज वाटावी अशी गोष्ट म्हणजे आमच्यापैकी कोणाचंच पडलं नाही.

अध्यक्ष मात्र पुढे झाले. ते भित्रे नव्हते, एवढं त्यांच्या बाजूने लिहून ठेवलं पाहिजे. दोन्ही हात वर करून ते पेटीपुढे उभे राहिले. “शांतता, शांतता. यात दोन स्वतंत्र मुद्दे आहेत. बाईंचा मुद्दा बाजूला ठेवू. मापाच्या मालकीपुरतं बोलायचं तर, या गृहस्थांचा हक्क असेल, तर…” आणि न्यायाने वागण्याच्या भरात त्यांनी खिशातून किल्ली काढली.

ती किल्ली अक्कांनी पाहिली. किल्ली काढणारे पुरुष त्यांनी पूर्वी पाहिले होते.

लिटर काचेवर आदळलं. काच सबंध खाली आली. लिटर चेमटलं, आणि अक्कांनी त्या काचांमधून हात घालून मापटं बाहेर काढलं. मनगटापासून कोपरापर्यंत रक्त. त्यांनी ते डोक्याच्या वर नेलं. म्हाताऱ्याने काठी उगारली. आणि मधे, अजूनही दोन मुद्द्यांपैकी पहिल्यावर, अध्यक्ष उभे होते.

अक्का नंतर नेहमी म्हणत, की हात निसटला. त्यांचा हात दुसऱ्या कधी निसटल्याचं मला आठवत नाही.

अध्यक्ष पडलेले पाहून आम्हाला मनगटं फुटली. चाळीस-पन्नास उपाशी इंजिनिअर त्या म्हाताऱ्यावर कोसळले. काठी मोडली, पाट उडाले, कढीचा हंडा कलंडला. मी एक लाथ घातल्याचं आठवतं. कोणाला, ते आठवत नाही. सबनिसाला मार बसला तो माझाच असावा असं तो अजून म्हणतो. म्हातारा कढीत पडला होता, नाकातून रक्त येत होतं, आणि तरीही लोक थांबेनात. सभ्य माणसांना एकदा मारायची सवलत मिळाली की ती लवकर परत करत नाहीत.

“सोडा त्याला,” अक्का म्हणाल्या. ओरडल्या नाहीत. “जेवलाय काय त्यो?”

आम्ही थांबलो. अक्कांनी पाट सरळ केला, केळीचं पान मांडलं, म्हाताऱ्याला दंडाला धरून उठवलं आणि बसवलं. मग भाताचं पातेलं ओढत आणलं. मापटं त्यात घातलं, शिगोशीग भरलं आणि त्याच्या पानात उपडं केलं.

“खा.”

तो खायला लागला. भात कच्चा होता, हे विसरू नका.

“एक झालं,” अक्का म्हणाल्या, आणि दुसरं उपडं केलं. त्यांचं रक्त मापट्याच्या कडेवरून भातावर ठिबकत होतं. “सपाट न्हाई हां. वर हात फिरवीत न्हाई मी. खा.”

तिसऱ्या मापट्याला त्याने हात आडवा केला. अक्कांनी मापट्याची कड त्याच्या बोटांवर आपटली. हाड वाजलं. त्याने हात मागे घेतला. तो खात होता, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. ते बोटांमुळे की भातामुळे की आणखी कशामुळे, हे सांगण्याइतका मी त्याला ओळखत नव्हतो. शेवटी त्याच्या तोंडातून एक शब्द आला. “पुरं.”

“माज्याकडं कुणाचंबी ‘पुरं’ मीच म्हणते,” अक्का म्हणाल्या, आणि अजून एक उपडं केलं. मग खाली बसल्या, त्याच्या समोर, उकिडव्या, आणि जरा वेळाने पदराच्या टोकाने त्याच्या नाकाचं रक्त पुसलं. “आता पुरं. जा. परत आलास तर परत जेवायला घालीन.”

तो गेला. दारापर्यंत पोटाला हात धरून गेला, आणि त्यानंतर बेंगळुरात कधी दिसला नाही.

अध्यक्षांना आम्ही जवळच्या दवाखान्यात नेलं. टाके घालताना मी त्यांचं डोकं धरलं होतं. ते एकदम म्हणाले, “पोचा.”

“काय?”

“तिच्या मापट्याला पोचा आहे. तेवढं धान्य कमी मावतं. आपण कोऱ्या मापट्याने मोजलं. तांदूळ जास्त झाला, पाणी तेवढंच राहिलं. पोचा धरलाच नाही आपण.” डॉक्टरांनी त्यांना हलू नका म्हणून बजावलं. ते मापटं इतक्या जवळून त्यांच्याआधी एकाच माणसाने पाहिलं होतं, आणि त्याने हा निष्कर्ष काढला नव्हता.

पोलिसांत जायचं का, असं चिटणिसांनी विचारलं तेव्हा अध्यक्ष म्हणाले, “मी मधे आलो.” एवढं छोटं भाषण त्यांनी ना आधी केलं ना नंतर. टाके निघेपर्यंत अक्का त्यांच्या घरी रोज मऊ भात पाठवत, आणि सोबत निरोप, की संपवला नाही तर माप उचलीन.

त्यानंतर खाणावळीत मारहाण कमी झाली असं म्हणवत नाही. पण एक बदल झाला. दारावर थाप पडली की अक्का नुसत्याच उठून कडी काढू लागल्या, पिठाच्या हाताने. पोस्टमन काही दिवस सवयीने खिडकीतूनच पत्रं टाकत होता. मग एके दिवशी तो दारात उभा राहिलेला दिसला, ताकाचा पेला हातात घेऊन. पेला रिकामा झाला होता आणि तो ‘साकु’ म्हणायचं टाळत होता.

माझं लग्न झालं आणि आम्ही बसवनगुडीत जागा घेतली, तेव्हा अक्कांनी माझ्या बायकोच्या हातात ते मापटं ठेवलं. “तांदूळ मोजायला,” त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडे बघून, “आणि लागलं तर.”

“अक्का, मग तुम्हाला?” मी विचारलं.

“मला आता लिटर चालतंय की.” ते चेमटलेलं लिटर त्यांनी ठोकून सरळ करून घेतलं होतं. शेवटपर्यंत तांदूळ त्यांनी त्यानेच मोजला, आणि उशाशी काही ठेवलं नाही. त्या गेल्या एका सकाळी, चूल पेटवता पेटवता. खाणावळीतल्या पोरांनी खांदा दिला. त्यातल्या बऱ्याच जणांच्या बोटांवर जुने डाग होते.

शोकसभेत अध्यक्ष बोलले. पुष्कळ थकले होते, पण वणावरून बोट फिरवत त्यांनी सांगितलं, की तो पोचा म्हणजे एका स्त्रीच्या स्वातंत्र्याचा शिलालेख आहे. आकारमानाने तो कमी करतो, मूल्याने वाढवतो. आणि येणाऱ्या पिढ्यांसाठी मंडळाने ते मापटं जसं आहे तसं जतन करावं. सगळ्यांचे डोळे ओले झाले. माझेही झाले. मापटं मंडळाला देण्याचं मी तिथेच कबूल केलं.

द्यायचं तर निदान स्वच्छ करून द्यावं, म्हणून बायकोने ते कल्हईला निघालेल्या भांड्यांबरोबर पाठवलं. कल्हईवाला चांगला माणूस आहे. त्याने ते घासून सोन्यासारखं केलं, आणि कोणी सांगितलं नसताना पोचाही ठोकून काढून दिला.

मंडळाने ते घेतलं नाही. त्यात आता पुरतं अर्धा शेर धान्य मावतं. आम्ही भातात पाणी थोडं जास्त घालतो.